पायांना चावणारे मासे आणि देवीचे ऊन पाणी

नवी मुंबईत पाहुणे आले म्हणजे त्यांना काय दाखवावे, असा प्रश्न इथल्या प्रत्येक घरात पडतो. जुन्या मुंबईत राणीची बाग आहे, महालक्ष्मी आहे, चौपाटी आहे. नवी मुंबईत रुंद रस्ते, उंच इमारती आणि रेल्वेची प्रशस्त स्थानके. यात बघायचे काय, असे गावाकडचा माणूस विचारतो.

पण शेतकऱ्याने हे शहर जरूर पाहावे. याच्या पायाखाली शेतीच आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचे ठरले. आगरी-कोळ्यांची खाडीकाठची भातशेती गेली, मिठागरे गेली. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. आजही वाशी, नेरूळ, बेलापूर इथे मोठ्या इमारतींच्या कुशीत जुनी गावठाणे आहेत. तिथे मासळी सुकत असते, आणि गावदेवीची जत्राही भरते.

गेल्या हिवाळ्यात माझी आई महिनाभर माझ्याकडे नेरूळला राहायला आली. वय सदुसष्ट, गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी. खाडीवर उतरलेले गुलाबी रोहित पक्षी तिने पाहिले, बाजारात भाजीचे भाव विचारून दोनदा कपाळाला हात लावला. पण तिला सर्वांत मौज वाटली ती एका दुकानसंकुलातल्या काचेच्या टाकीची. त्या टाकीची, आणि तिच्यामुळे पुढे आम्ही केलेल्या गणेशपुरीच्या प्रवासाची ही हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

माशांचा दवाखाना

टाकी गुडघाभर उंच. भोवती बैठक, आत नितळ पाणी, आणि त्यात बोटभर लांबीचे काळसर मासे शेकड्यांनी. पैसे भरायचे, पाय धुवायचे आणि पंधरा मिनिटे पाण्यात सोडून बसायचे. मासे धावून येतात आणि टाचांची, बोटांची मेलेली कातडी कुरतडून खातात. याला शहरात ‘फिश स्पा’ म्हणतात. ‘स्पा’ हे मुळात बेल्जियम देशातल्या एका गावाचे नाव. तिथल्या औषधी झऱ्यांमुळे ते इतके गाजले की पुढे पाण्याने उपचार करण्याच्या जागेलाच स्पा म्हणू लागले.

मी पाय सोडले. पहिल्या क्षणी अंगावर काटा आला. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला जशा मुंग्या येतात तसे काहीसे वाटते. दुखत मुळीच नाही. गुदगुल्या होतात आणि हसू आवरत नाही. आई माझी पिशवी सांभाळत बाजूला उभी होती. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, “अगं, हे तर मल्ये दिसतात! कुकडीत धुणं धुताना असेच पायाला लागायचे. तिथं फुकट, इथं पैसे देऊन चावून घ्यायचं!”

आईचे म्हणणे वावगे नव्हते. या टाकीतल्या माशाचे शास्त्रीय नाव गारा रूफा. तो मूळचा तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण या भागांतल्या नद्यांचा. आपल्या भीमा, कृष्णा, गोदावरीच्या खोऱ्यांत दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा जो मल्या किंवा मळ्या मासा असतो, तो याच गारा कुळातला. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा आपल्या लोकांच्या तोंडचे नावच त्याने शास्त्रात घातले. म्हणून तो जगभर ‘गारा मुल्ल्या’ या नावाने ओळखला जातो. ओढ्याकाठच्या माणसांनी ठेवलेले मराठी नाव असे शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसले आहे.

तुर्कस्तानात सिवास प्रांतात कांगाल नावाचे गाव आहे. तिथे ऊन पाण्याचे झरे आहेत आणि पाणी साधारण आपल्या अंगाइतके गरम असते. अशा पाण्यात शेवाळ, किडे असे माशांचे खाणे फार थोडे. भुकेपोटी हे मासे पाण्यात उतरलेल्या माणसाची मऊ झालेली कातडी खातात. त्यांच्या तोंडात चावायचे दात नसतात, म्हणून जिवंत कातडीला इजा होत नाही. सोरायसिस म्हणजे कातडीवर खवले धरण्याचा जो चिवट विकार आहे, त्याचे रोगी दूरदूरच्या देशांतून तिथे येऊन आठवडे-आठवडे राहतात. खवले निघून काही दिवस आराम पडतो, पण रोग मुळातून जात नाही.

तिथे झरा वाहता आहे. शहरातल्या टाकीत मात्र पाणी तेच आणि पाय मात्र दिवसभर निरनिराळे. पाण्यात जंतुनाशक टाकावे तर मासे मरतात. मासा काही उकळून घेता येत नाही. एकाच्या पायाचे रक्त, चिखल्या, नखांची बुरशी दुसऱ्याकडे जाण्याची वाट त्यामुळे मोकळी राहते. काही देशांत तर गारा रूफा सांगून आपण ज्याला चिलापी म्हणतो त्या माशाची पिल्ले सोडतात. त्यांना वाढत्या वयात दात येतात आणि ती रक्त काढतात. अमेरिकेतल्या दहाहून अधिक राज्यांनी या टाक्यांवर बंदी घातली. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०११ साली सांगितले की निरोगी माणसाला धोका थोडा आहे, पण मधुमेही, रोगप्रतिकारशक्ती कमी असलेले आणि पायाला जखम असलेले यांनी यात पाय घालू नयेत.

आई रुसली

आता आईची गोष्ट. टाकीवरचा मुलगा तिला म्हणाला, “मावशी, तुम्ही पण बसा, काही होत नाही.” आईला हौस आली. तिने वहाणा काढल्यासुद्धा. मी तिचा हात धरला आणि नको म्हटले.

आईला नऊ वर्षे साखरेचा विकार आहे. आदल्या वर्षी ज्वारीच्या काढणीत तिच्या तळव्यात धसकट घुसले. तिला ते कळलेच नाही. संध्याकाळी ओटीवर रक्ताचे ठसे उमटले, तेव्हा वहिनीने पाय उचलून पाहिला. जखम भरायला दीड महिना लागला. नंतर तालुक्याच्या डॉक्टरांनी तिचे डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाड धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला आणि “कळलं का?” असे विचारले. उजव्या पायाला चार ठिकाणी तिला काहीच कळले नाही. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा अशा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही मंदावतो. मग जखम होते ती समजत नाही आणि झालेली लवकर भरत नाही. कित्येकांचे बोट, कित्येकांचा पाय कापावा लागतो तो एवढ्याशा जखमेपायी.

हे सगळे तिला ठाऊक होते. तरी चार लोकांत मुलीने हात धरला याचा तिला राग आला. “पाय माझे आहेत. सगळ्यांनी करायचं आणि मी काय पिशव्या सांभाळायच्या?” एवढेच बोलून ती वाटभर गप्प राहिली. रात्री भाकरीही अर्धीच खाल्ली. टाकीवरच्या मुलाला मी विचारले होते, साखरेच्या रोग्यांना तुम्ही विचारता का? तो म्हणाला, कोणी सांगितले तर बसवत नाही. पण सांगायचे असते हे येणाऱ्याला कुठून कळणार?

तिचे म्हणणे मला मनातून पटत होते. जन्मभर राबलेल्या पायांचे कोणी लाड करावेत असे तिलाही वाटणारच. म्हणून रविवारी तिला वज्रेश्वरी-गणेशपुरीला घेऊन गेले.

तानसेच्या काठची ऊन पाण्याची कुंडे

वाशीपासून वज्रेश्वरी साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. ठाणे, भिवंडी, अंबाडी असा रस्ता आहे. भिवंडी ओलांडली की गोदामांची रांग संपत येते आणि भातखाचरे, ताडाची झाडे, विटांच्या भट्ट्या दिसू लागतात. वसई-विरारकडूनही एस.टी.ने येता येते. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाने एकमेकांजवळ आहेत. एका दिवसात तिन्ही होतात.

वज्रेश्वरीचे देऊळ टेकडीवर आहे. खाली उभे राहून पाहिले तर किल्लाच वाटतो. बावन्न पायऱ्या चढून जावे लागते. पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेताना चिमाजी आप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई जिंकल्यावर हे देऊळ बांधले गेले, असा इतिहास सांगतात. आई दर दहा पायऱ्यांना टेकत, पण एकटीनेच चढली. माझा हात तिने घेतला नाही. राग अजून गेला नव्हता.

देवीने राक्षस मारले, त्यांचे रक्त पाणी होऊन वाहू लागले, म्हणून ही कुंडे ऊन आहेत, अशी इथली कथा. अकलोलीला नदीकाठी दगडी कुंडे बांधलेली आहेत. गणेशपुरीला भीमेश्वर महादेवाचे देऊळ आणि त्याच्यापुढे कुंडे. स्वामी नित्यानंद १९३६ साली या रानात येऊन राहिले आणि १९६१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इथेच देह ठेवला. त्यांच्या समाधीमुळे आडरानातले हे गाव देशोदेशी माहीत झाले. पहाटे कुंडांवर वाफ तरंगत असते आणि गंधकाचा वास येतो. कुठले पाणी अंगाला सोसते, तर कुठले इतके कढत असते की बोट ठेववत नाही.

या पाण्याचा उगम समजून घेण्यासारखा आहे. जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंश. सह्याद्रीच्या पायथ्याच्या काळ्या खडकात खोल भेगा आहेत. पावसाचे पाणी त्या वाटेने फार खाली मुरते, तापते, खडकातले क्षार विरघळवून घेते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. म्हणून कोकणात ऊन पाण्याच्या झऱ्यांची एक ओळच आहे. पालघर जिल्ह्यात सातिवली, महाडजवळ सव, दापोली तालुक्यात उन्हवरे, संगमेश्वराकडे तुरळ आणि राजवाडी, राजापूरजवळ उन्हाळे. उन्हवऱ्याचे पाणी तर सत्तर अंशांच्या घरात जाते. घाटावरही जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर आहे. गावांच्या नावांतच ‘ऊन’ दडलेले आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

परदेशांत अशा पाण्यावर मोठमोठी स्नानगृहे उभी राहिली. हंगेरीत बुडापेस्ट शहरात १९१३ साली उघडलेले सेचेनी स्नानगृह अजून चालू आहे. जपानमध्ये बेप्पू गावी झऱ्याने तापलेल्या वाळूत माणसाला गळ्यापर्यंत पुरून शेकतात. आपल्याकडे तसा थाट नाही. देवळाची पायरी, पितळी तांब्या आणि गुडघे धरलेली म्हातारी माणसे, एवढेच. पण ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्यांची ठणक काही वेळ कमी होते, हा गुण सगळीकडे सारखाच.

आधी कोपर

गणेशपुरीला बायकांच्या बाजूला आम्ही पायरीवर बसलो. आई पाय पुढे करणार, तोच थांबली. उजव्या हाताचे कोपर तिने पाण्यात घातले आणि झटकन मागे घेतले. “फार कढत आहे,” ती म्हणाली. पलीकडच्या निवत्या कुंडातले पाणी तिने तांब्यात घेतले, पुन्हा कोपराने पाहिले, आणि मग गुडघ्यांवर हळूहळू ओतू लागली. पावले तिने कोरड्या पायरीवरच ठेवली होती.

शेजारी विदर्भाकडच्या एक आजी बसल्या होत्या. पायांची आग होते, रात्री मुंग्या येतात, साखर आहे, म्हणून मुद्दाम आल्या होत्या. त्या कढत कुंडात पाय सोडू लागल्या. आईने त्यांचा हात धरला. “अहो बाई, आधी कोपर घाला. पायाला कळत नाही. माझ्या पायात धसकट गेलं तर मला संध्याकाळी कळलं.” त्या आजींनी कोपर घातले आणि डोळे मोठे केले. मग दोघी पाऊण तास एकमेकींचे तळवे पाहत, गोळ्यांची नावे सांगत बसल्या. टाकीवर मी तिचा हात धरला होता, त्याविषयी आई काही बोलली नाही. मीही विचारले नाही. परतताना मात्र दगडी पायऱ्या उतरायला तिने माझा खांदा धरला.

वेळ असेल तर पुढे वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे जावे. तिळसेश्वर महादेवाच्या देवळापाशी नदीत मोठमोठे मासे आहेत. ते देवाचे म्हणून कोणी धरत नाही. चुरमुरे टाकले की पाणी उसळते. महाडजवळ वाळणकोंडीलाही असेच देवाचे मासे राखलेले आहेत. शासनाचे अभयारण्य नव्हते तेव्हापासून गावकऱ्यांनी श्रद्धेने ही जात जपली. आपल्या ओढ्यांतले मल्ये मात्र असे कोणी राखले नाहीत. कुकडीच्या घाटावर हल्ली पायाला मासे लागत नाहीत, असे आई सांगते. वाळूचा उपसा आणि रसायनांचे पाणी त्यांना पुरून उरले.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

ऊन पाण्याला जायचे तर थंडीचे दिवस आणि सकाळची वेळ उत्तम. पावसाळ्यात नदी फुगते, तेव्हा काठच्या कुंडांवर जाऊ नये. सुटीच्या आणि जत्रेच्या दिवशी पाणी गढूळ असते. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि उठताना घाई करू नये, घेरी येते. आधी आणि नंतर साधे पाणी प्यावे. कुंडाचे पाणी पिऊ नये. बुडी मारू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात क्वचित असा सूक्ष्म जीव असतो, जो नाकावाटे मेंदूला पोचला तर जीव घेतो. हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच जावे. उघडी जखम असेल तर माशांची टाकीही नको आणि कुंडही नको. आणि झऱ्याचा गुण आला म्हणून चालू गोळ्या कधीही बंद करू नयेत.

घरात साखरेचा रोगी असेल तर त्याच्या पायांचे लाड घरीच करता येतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. रोज रात्री पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाण्यात आधी कोपर घालून पाहावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचांच्या भेगांना खोबरेल किंवा कोकमतेल लावावे, पण बेचक्यांत तेल नको. तळवा रोज पाहावा. स्वतःला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा नातवंडाला सांगावे, त्यांची नजर चांगली असते. शेतात अनवाणी जाऊ नये आणि वहाण घालण्यापूर्वी ती झटकावी. शेकोटीवर, शेगडीवर किंवा गरम विटेने पाय शेकू नयेत. भोवरी ब्लेडने कापू नये. फोड, जखम, काळा डाग दिसला तर दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांना दाखवावे. आणि नायलॉनच्या धाग्याची ती चाचणी वर्षातून एकदा करून घ्यावी. ती पाच मिनिटांत होते आणि तिला सुई लागत नाही.

शहरात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला टाकीतले मासे जरूर दाखवावेत, बघण्यासारखे आहेत. फक्त पाय पाण्यात सोडण्याआधी त्याचा तळवा एकदा पाहून घ्यावा.